विशेष मुलांना शून्य कसं द्यावं

तुमच्या शाळेत बौद्धिक अक्षमता असलेली चार-दोन मुलं असतील आणि ती हळूहळू काहीबाही शिकायला लागली असतील, तर वेळीच सावध व्हा. यावर एक रामबाण उपाय आहे, प्रमाणित चाचणी, म्हणजे सगळ्या मुलांना एकाच मापानं मोजणारी परीक्षा. गेल्या आठवड्यात माझ्या तेरा वर्षांच्या मुलाचं निकालपत्रक हातात पडल्यापासून या विषयात मी बरीच जाणकार झाले आहे. तेव्हा अनुभवाचे चार बोल, फुकटात.

सुरुवात वेळापत्रकापासून करा. ‘जीवन कौशल्ये’ नावाचा तास दिसला की त्यावर रेघ मारा आणि वर ‘चाचणी सराव’ लिहा. दोन महिन्यांचाच तर प्रश्न आहे. शर्टाची बटणं काय, पुढेमागे कधीही लावता येतात. माझा मुलगा तीन बटणांपर्यंत पोचला होता. (हे उलटं शिकवतात. सगळी बटणं आपण लावायची, फक्त शेवटचं त्याच्यासाठी सोडायचं. ते जमलं की शेवटची दोन, मग तीन. एका बटणाला किती आठवडे लागतात ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा.) घरी करून घेईन म्हटलं तर घरीही रोज दोन सराव-पत्रिका. आता तो पुन्हा दोन्ही हात खाली सोडून उभा राहतो, कोणीतरी लावून देईल म्हणून. पण सराव झाला ना? झाला.

वैयक्तिक शिक्षण आराखडा मात्र प्रत्येक मुलाचा वेगळा बनवा, छान फाइलला लावा, आणि मग सगळ्यांना एकच पेपर द्या.

मदतनीस ताईंना वर्गाच्या दाराबाहेर बसवा. त्यांना मुलाचं बोलणं कळतं, ही सरळसरळ कॉपी आहे.

वीस मिनिटं जास्त द्या आणि तिला सवलत म्हणा. जो कागद वाचताच येत नाही, त्याच्याकडे बघायला वीस मिनिटं जास्त.

उत्तरपत्रिकेवर गोल हवेतच. चारांतला एक भरायचा. इकडे ऑक्युपेशनल थेरपिस्टनं, म्हणजे हातांना रोजची कामं शिकवणाऱ्या तज्ज्ञानं, वर्षभर घाम गाळून शिकवलेलं असतं की गोल दिसला की रेषेबाहेर न जाता भरायचा. माझ्या मुलानं चारही भरले, प्रत्येक प्रश्नाचे, आणि एकही रेषेबाहेर गेला नाही. शून्य द्या.

आणि प्रश्न काढताना टाकी आणि नळ विसरू नका. एका नळानं टाकी भरते, दुसऱ्यानं रिकामी होते, दोन्ही एकदम चालू ठेवले तर किती वेळात भरेल? (दोन्ही एकदम चालू ठेवणारा हा इसम कोण, हे मला माझ्या शाळेतही कोणी सांगितलं नव्हतं.) प्रश्नाशेजारी वाहत्या नळाचं चित्र होतं. माझा मुलगा ते बघून उठला, वर्गाच्या कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेला, नळ नीट बंद आहे का ते फिरवून पाहिलं आणि परत जागेवर येऊन बसला. दाराबाहेरून ताईंनी हे पाहिलं आणि मला सांगताना त्यांचा आवाज कापत होता. कारण त्यांना माहीत आहे. हात धुणं आम्ही नऊ पायऱ्यांत तोडलं होतं. नळ सोड, हात ओले कर, साबण घे, असं करत नववी पायरी, नळ बंद कर. या एका नवव्या पायरीनं चार महिने घेतले. भिंतीवर वाहत्या नळाचं चित्र, त्यावर लाल फुली. आणि त्या दिवशी वेगळ्या खोलीत, अनोळखी माणसासमोर, कोणीही न सांगता, वेगळंच चित्र पाहून तो उठला. एका ठिकाणी शिकलेलं दुसरीकडे वापरता यावं म्हणून विशेष शिक्षिका देव पाण्यात घालून बसलेल्या असतात! त्या अख्ख्या गणितात शहाण्यासारखं वागलेला माणूस तो एकटाच. पर्यवेक्षकांचा शेरा काय? ‘परवानगीशिवाय जागा सोडली. एकाग्रतेचा अभाव.’

पालकांना इतिहास कळू देऊ नका. आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ या फ्रेंच मानसशास्त्रज्ञांनी १९०५ मध्ये पॅरिसला बुद्धिमापनाची चाचणी तयार केली, ती कोणत्या मुलांना जास्त मदत लागेल हे शोधायला. हे कळलं तर पालक विचारतील, शोधलंत ना, मग मदत कुठाय? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडगर डॉल यांची व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी तर १९३५ ची. तिच्यात मुलाला पेपरच देत नाहीत. त्याला जवळून ओळखणाऱ्या माणसाला विचारतात, तो हातानं जेवतो का, कपडे घालतो का, एकटा कुठवर जातो. म्हणजे बटणं मोजायची पट्टी सुमारे नव्वद वर्षं तयार आहे, फक्त कपाट उघडावं लागेल. दिव्यांगांच्या हक्कांच्या २००६ च्या संयुक्त राष्ट्र करारात, २४ व्या कलमात, जीवन कौशल्यं शिकता येतील अशी सोय करणं हे सरकारांचं काम म्हणून लिहिलंय. असू दे. ते चाचणीत येत नाही.

कोणी फारच खोदून विचारलं तर ‘वरून आलंय’ म्हणा.

निकालपत्रकावर लिहिलंय, ‘अपेक्षित पातळीच्या खाली’. कोणाच्या अपेक्षेच्या हो? त्याला बघून, भेटून, पाच मिनिटं त्याच्याशेजारी बसून कोणी ही अपेक्षा ठरवली होती का? मी परीक्षेला भीत नाही. घ्या ना परीक्षा! त्याला रस्त्याच्या कडेला उभं करा आणि ओलांडताना दोन्हीकडे बघतो का पाहा. पोटात दुखतंय हे तो परक्या माणसाला सांगू शकतो का पाहा. कोणी नको तिथे हात लावला तर हात झटकून ओरडतो का, ते पाहा. मी रात्री जागी असते ती याच पेपरसाठी, टाकीसाठी नाही. यातलं काही त्याला येत नसेल तर खुशाल नापास करा आणि दुसऱ्या दिवसापासून तेच शिकवायला घ्या. एका आकड्यासाठी मुलाच्या हातातलं आलेलं बटण काढून घेता, आणि वर त्यालाच कमी म्हणता? लाज वाटायला हवी.

निकालपत्रकावर मी सही केलेली नाही, करणारही नाही. तो शेरा खोडा. आणि बटणांचा तास सोमवारपासून वेळापत्रकात परत घाला.