जाळीच्या अलीकडचा फोटोग्राफर

मोटरसायकलच्या शर्यतीचे फोटो काढायला काय लागतं, असं विचारलं की लोक लांब लेन्स, वेगवान शटर असलं काहीबाही सांगतात. खोटं आहे. संपादकाचं पत्र लागतं, पत्रावर शिक्का लागतो, आणि शिक्क्याच्या कपाटाची किल्ली घेऊन वहिनी माहेरी गेलेल्या नसाव्या लागतात.

मी धामणगाव रेल्वेकडच्या एका खेड्यातला फोटोग्राफर. साक्षगंध, लग्न, बारसं, झालंच तर तेरवीच्या फ्लेक्ससाठी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून हसरा करणे, हा धंदा. हौस मात्र शर्यतींची. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली. तिन्ही वेळा सेबॅस्टियन व्हेटेल जिंकला, आणि तिन्ही वेळा ऑक्टोबर सरत आलेला असल्यामुळे आमच्याकडे सोयाबीन काढायची घाई होती. व्हेटेलला बहुतेक शेती नसावी.

म्हणून मी जवळच्या शहरातल्या मातीवरच्या शर्यतीपासून सुरुवात करायची ठरवली. तिकीट काढून कुणीही जाळीच्या अलीकडे उभं राहू शकतं. पलीकडे जायचं तर मीडिया पास. पाससाठी पूर्वी छापून आलेले शर्यतीचे फोटो दाखवायचे. ते फोटो काढायचे तर जाळीपलीकडे जायला हवं. ही अट ज्याने लिहिली त्याने आधी नोकरभरतीच्या जाहिराती लिहिल्या असाव्यात. आयोजकांचं तरी काय चुकलं म्हणा. ‘फ्रीलान्स’ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे गळ्यात कॅमेरा अडकवून फुकटात शर्यत बघायला आलेला कुणाचा तरी मेहुणा उभा राहतो, आणि निम्म्या वेळा तो मेहुणाच निघतो.

तर पत्र. तालुक्याच्या एका साप्ताहिकाच्या संपादकांकडे गेलो.

“देतो ना बाप्पा, नाही म्हणलं का म्या? पन पंधरा ऑगस्टच्या अंकाले जाहिराती कोन आनन?”

मी आणल्या. कृषी केंद्र, पतसंस्था, सलून आणि दोन भावी सरपंच. भावी सरपंच एकाच गावचे असल्यामुळे एक पहिल्या पानावर आणि दुसराही पहिल्या पानावर, असा शब्द मला द्यावा लागला. पत्र मिळालं: ‘सदर इसम आमचे प्रतिनिधी असून मोटारसायकल शर्यतीकरिता येत आहेत, तरी त्यांना सहकार्य करावे.’ आयोजकांनी उलट विचारलं, स्पर्धक म्हणून एफएमएससीआयचा परवाना कुठे आहे? देशात मोटरस्पोर्टचा कारभार पाहणारा हा महासंघ आहे, शर्यतीत उतरायचं तर त्याचा परवाना लागतो. माझ्याकडे स्प्लेंडर चालवायचा होता. दुसरं पत्र आणलं. त्यासाठी सव्वीस जानेवारीचा अंकही माझ्या गळ्यात पडला.

पुढे हमीपत्र. काही बरंवाईट झालं तर आयोजक जबाबदार नाहीत, असं मुद्रांकावर लिहून द्यायचं होतं. शंभराचे मुद्रांक बंद होऊन पाचशेचे आल्यापासून आमच्याकडे माणसं दोनदा विचार करून भांडतात. मुद्रांकविक्रेत्याने वहीत नोंदवायला कारण विचारलं. मी सांगितलं. त्याने चष्म्यावरून पाहिलं.

“मंग मृत्युपत्रच करून टाका ना भाऊ. येकाच खर्चात होते.”

विम्याचा एजंट गावातलाच, नात्याने मामा. त्याने बारकाईने चौकशी केली.

“गाडी हवेत उडते म्हनतं?”

“हो मामा, टेकाडावरून.”

“आन तू कोठी उभा रायतं?”

“पडते तिथून जरा बाजूले.”

मामाने फॉर्म घडी करून खिशात ठेवला आणि मला पोराच्या शिक्षणाची पॉलिसी विकली. अपघात विमा शेवटी दुसरीकडून काढला, तोही मामाला न सांगता.

राहिले नमुन्याचे फोटो. धावतं काही म्हणजे आमच्याकडे शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत. तळेगाव दशासरचा पट तर सगळ्या विदर्भाला ठाऊक. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंदी घातली, मग खटला चालत राहिला, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. इथे सेकंदाच्या शंभराव्या भागावर निकाल लागतो, पण फोटोवाल्याला पास विचारत नाहीत. उलट जोडी हाकणारा धुरकरीच हाक मारतो, “ओ भाऊ, माह्या जोडीचा येक काढजो, चांगला!” आणि मी कुठे उभं राहावं हे बैल ठरवतात.

धावत्याचा फोटो कसा घ्यायचा ते मी तिथे शिकलो. शटर एक साठांश सेकंदावर ठेवायचं आणि जोडीच्या वेगानेच कॅमेरा वळवत न्यायचा. जोडी स्पष्ट येते, मागची गर्दी ओढल्यासारखी पुसट होते. दोन हजारांश ठेवलं तर सगळंच थिजतं. फाट्यावर तसा एका बुलेटवाल्याचा फोटो काढला होता, तर काका म्हणाले, “स्टँडवर लावून काहाडला काय?” पटाचे उत्तम फोटो निवडून अर्जाला जोडले. उत्तर आलं: फोटो आवडले, कृपया इंजिन असलेल्या वाहनांचे पाठवावेत.

मग तिकीट काढून जाळीतूनच काढले. लेन्स तारेला जवळजवळ टेकवायची, लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवायचं, गाडी लांब असू द्यायची, की तार विरघळून जाते. ते फोटो पाहून पुढच्या शर्यतीला पास मिळाला.

सकाळी सुरक्षेची माहिती दिली. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, लाल म्हणजे शर्यत थांबली, ट्रॅककडे पाठ करायची नाही, ट्रॅकवरची व्यवस्था बघणारा मार्शल सांगेल तिथून हलायचं. मग अंगात घालायला नारिंगी टॅबार्ड, म्हणजे बिनबाह्यांचं जाकीट मिळालं. मार्शललोकांचंही नारिंगीच होतं. त्यामुळे दिवसभर मला प्रेक्षकांनी संडास कुठे आहे, पाणी कुठे आहे आणि वडापाव इतका महाग का, हे विचारलं. संडास मी बरोबर सांगितला. मधल्या वेळात टेकाडावरून उडालेल्या गाडीचा एक फोटो असा साधला, की चाकाखालचं मातीचं प्रत्येक ढेकूळ वेगळं दिसत होतं.

संपादकांनी तो छापलाही, पहिल्या पानावर. त्याच अंकात दोन्ही भावी सरपंचांपैकी एकाचा वाढदिवस निघाला आणि जाहिरात चार इंच वाढली. गाडीचं पुढचं चाक आणि स्वाराचं डोकं गेलं. उरलेल्या भागावर केकचा कोपरा आला. मी तक्रार केली तर म्हणाले, “नाव तं छापलं ना तुमचं!” नाव वाढदिवसाच्या शुभेच्छुकांमध्ये होतं.

छापून आल्याचा पुरावा म्हणून तेच कात्रण पुढच्या अर्जाला जोडलं आहे. आयोजकांनी कळवलंय की अर्ज विचाराधीन आहे, फक्त कार्यक्रमस्थळी केक आणता येणार नाही.