‘फक्त दोन टक्के’ कर भरतात, मग पेट्रोल पंपावर रांगेत कोण उभं असतं?

दिवाळीनंतर आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर तो मेसेज परत आला. माझ्या मामेभावाने टाकला होता, खाली हात जोडल्याच्या तीन खुणा. मजकूर तुम्हीही वाचला असेल: ‘140 कोटींच्या देशात फक्त 2 टक्के लोक टॅक्स भरतात. उरलेले 98 टक्के त्यांच्या जिवावर फुकट खातात. तुमच्या इन्कम टॅक्समधून लाडक्या बहिणींना 1500 रुपये जातात. करोडपती शेतकरी एक रुपया भरत नाही. मतदानाचा हक्क फक्त करदात्यालाच हवा. पटलं तर पुढे पाठवा.’

मी सांगलीत गेली अठरा वर्षं लोकांची विवरणपत्रं भरून देतो. या मेसेजमधला राग माझ्या टेबलासमोर रोज येऊन बसतो, त्यामुळे तो खोटा आहे असं मी म्हणणार नाही. हिशेब मात्र चुकलेला आहे, आणि हिशेब हा माझा धंदा आहे.

पहिलं वाक्य. दोन टक्के हा आकडा हवेतून आलेला नाही. 2023-24 मध्ये साडेसात कोटींच्या आसपास लोकांनी विवरणपत्रं भरली आणि त्यातल्या सुमारे 4.9 कोटी लोकांचा देय कर शून्य होता. म्हणजे प्रत्यक्ष प्राप्तिकर भरणारे अडीच-पावणेतीन कोटी. 140 कोटींनी भागा, दोन टक्के येतात. गणित बरोबर, पण भागलं कशाने ते बघा. त्या 140 कोटींत पाळण्यातलं बाळही धरलंय. 2011 च्या जनगणनेत नुसती सहा वर्षांपर्यंतची मुलं 16 कोटींवर होती. शाळकरी पोरं, घरातली म्हातारी माणसं, कॉलेजला जाणारे, सगळे त्यात. आमच्या घरात मी एकटा कर भरतो, पण खाणारी तोंडं पाच. या मेसेजच्या हिशेबाने माझी आई फुकटी ठरते.

पण खरी चलाखी त्यापुढची आहे. ‘टॅक्स’ असा शब्द वापरायचा आणि मोजायचा फक्त इन्कम टॅक्स.

2023-24 मध्ये वैयक्तिक प्राप्तिकरातून परतावे वजा जाता सुमारे 10.44 लाख कोटी रुपये आले. त्याच वर्षी जीएसटीचं ढोबळ संकलन 20.18 लाख कोटी होतं, केंद्राचा आणि राज्यांचा हिस्सा मिळून. शिवाय पेट्रोल, डिझेल आणि दारू जीएसटीत नाहीतच, त्यांचा कर वेगळा. हा पैसा कोणाच्या पगारातून कापला जात नाही. तो दुकानाच्या गल्ल्यात पडतो आणि तिथून सरकारकडे जातो. भरणाऱ्याला पावती मिळत नाही आणि कोणी त्याला करदाता म्हणत नाही.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना मी एकदा सहज विचारलं, महिन्याचं काय काय आणता? त्यांनी ओट्याला टेकून सांगितलं आणि मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर लिहीत गेलो. घरात दोन मोबाइल, 299 चं रिचार्ज दोनदा. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 598 रुपयांत 91 रुपये कर. सिलिंडर साडेआठशेचा, त्यात पाच टक्क्यांनी चाळीस. तेलाच्या तीन पिशव्या 420 च्या, त्यात वीस. चहा, साखर, बिस्किटं, अंगाचा साबण, टूथपेस्ट असं सगळं मिळून 630, त्यात तीस. (साबण, टूथपेस्ट आणि बिस्किटं 22 सप्टेंबर 2025 पासून 18 वरून 5 टक्क्यांवर आली. त्याआधीचा महिना धरला असता तर आकडा वर गेला असता.) मग मुलाची मोटरसायकल. तो एमआयडीसीत जातो, महिन्याला दहा लिटर पेट्रोल लागतं. एप्रिल 2025 मध्ये केंद्राने उत्पादन शुल्क दोन रुपयांनी वाढवून लिटरला 21 रुपये 90 पैसे केलं. त्यावर राज्याचा व्हॅट 25 टक्के, आणि वर आणखी 5 रुपये 12 पैसे. तेव्हा लिटरमागे कराचा आकडा पंचेचाळीसच्या पुढे जात होता. मी भांडण नको म्हणून चाळीसच धरले. चारशे.

बेरीज 581 रुपये. वर्षाचे सात हजारांच्या आसपास.

‘एवढे?’ मावशी म्हणाल्या. मग म्हणाल्या, ‘रेशनवर तर नाय ना लावत काही?’ रेशनवर नाही. सुट्या धान्यावरही नाही. पाकिटातलं, नाव छापलेलं धान्य घेतलं की लागतो, 2022 च्या जुलैपासून, पंचवीस किलोपर्यंतच्या पाकिटांवर.

हे मान्य, की रुपयांत बघितलं तर श्रीमंत माणूस जीएसटीही जास्त भरतो, कारण तो खर्चच जास्त करतो. पण सात हजारांना ‘शून्य’ म्हणता येत नाही. महिन्याला एकवीस हजारांत चालणाऱ्या घरातून वर्षभरात गेलेले ते सात हजार आहेत.

आता लाडकी बहीण. या योजनेवर टीका करायला जागा आहे. ती निवडणुकीच्या तोंडावर, जुलै 2024 मध्ये आली; छाननी नंतर सुरू झाली; 2025-26 च्या अर्थसंकल्पात तिच्यासाठी 36 हजार कोटींची तरतूद होती आणि तेवढा पैसा इतर खात्यांना कमी पडणारच. यावर कोणी बोललं तर मी ऐकून घेतो. पण ‘तुमच्या इन्कम टॅक्समधून’ हे वाक्य लिहिणाऱ्याने सरकारी तिजोऱ्या दोन असतात हेच लक्षात घेतलेलं नाही. प्राप्तिकर केंद्राचा. ही योजना राज्याची. केंद्राच्या करांतून राज्यांना वाटा मिळतो, पण पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात तो विभाज्य निधीच्या, म्हणजे राज्यांशी वाटून घ्यायच्या करांच्या, 41 टक्के होता आणि त्या 41 टक्क्यांत महाराष्ट्राचा हिस्सा 6.317 टक्के. तुमच्या शंभर रुपयांतले महाराष्ट्राकडे येतात ते जेमतेम अडीच रुपये. आणि उपकर, अधिभार त्या वाटणीत धरतच नाहीत. राज्याची तिजोरी प्रामुख्याने भरते ती राज्याच्या जीएसटीने, पेट्रोल-डिझेलच्या व्हॅटने, दस्तांच्या मुद्रांक शुल्काने आणि दारूवरच्या शुल्काने. म्हणजे मावशींना दीड हजार मिळाले तर त्यात त्यांच्या मुलाच्या पेट्रोलचाही थोडा भाग असतो.

पगारातून थेट राज्याकडे जाणारा एक कर मात्र आहे, आणि त्याची आठवण कुणालाच नाही. व्यवसाय कर. महिन्याला दोनशे, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे 2500. हा कायदा 1975 चा. दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेला पैसा हवा होता, त्यासाठी शहरातल्या नोकरदारावर उघडपणे हा कर बसवला. खडी फोडणाऱ्या माणसाच्या मजुरीसाठी मंत्रालयातल्या कारकुनाच्या पगारातून पैसे कापले जायचे. ‘माझ्या पैशातून दुसऱ्याला’ ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. फरक एवढाच, की तेव्हा पैशाच्या बदल्यात काम करावं लागायचं. या फरकावर वाद घाला, मजा येईल.

‘करोडपती शेतकरी’ या मुद्द्यावर मी अर्धा मेसेजच्या बाजूला आहे. शेतीचं उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त आहे आणि त्या आडोशाला कोण कोण उभं राहतं ते मी पाहिलंय. दवाखान्याची किंवा बांधकामाची कमाई सातबाऱ्यावर चढवून आणणारी माणसं असतात. असं काम मी घेत नाही, पण दुसरं कोणीतरी घेतं. ही पळवाट बुजवायची तर ते काम राज्यांचं, कारण शेती उत्पन्नावरचा कर राज्यघटनेने राज्यांच्या यादीत ठेवलाय, आणि कोणत्या आमदाराची तशी हिंमत आहे ते तुम्हीच सांगा.

पण त्यावरून ‘शेतकरी’ म्हणून सगळ्यांना एका दोरीत ओवणं चूक. 2015-16 च्या कृषी गणनेनुसार देशातली 86 टक्के खातेदारी दोन हेक्टरांच्या आतली आहे. आणि ‘एक रुपया भरत नाही’ हे तर बिलं न पाहता केलेलं विधान. तासगावकडचे माझे एक क्लायंट आहेत, द्राक्षवाले. ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी या बुरशीच्या रोगासाठी घेतलेल्या औषधांचं बिल त्यांनी मला दाखवलं होतं: 21,240 रुपये, त्यात जीएसटी 3,240. रासायनिक औषधांवर 18 टक्के. कारखानदाराने कच्च्या मालावर असा कर भरला तर तो त्याला पुढे वजा मिळतो. द्राक्षावर जीएसटीच नाही, म्हणून बागायतदाराला वजावटही नाही. ते 3,240 त्याच्याच अंगावर. पाऊस झाला की परत फवारणी, परत बिल. फवारणीच्या ट्रॅक्टरचं डिझेल वेगळंच.

राहिला मतदानाचा हक्क. हे करून झालंय. इंग्रजांच्या 1935 च्या कायद्याखाली मत द्यायला मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांपैकी काहीतरी दाखवावं लागायचं. बहुतेक लोक यादीबाहेर होते. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत ती अट गेली आणि 17 कोटींहून जास्त मतदार यादीत आले. या मेसेजला पुढे पाठवणाऱ्या किती जणांच्या आज्या आधीच्या यादीत सापडतील, शोधून पाहा.

नोकरदाराचं गाऱ्हाणं मला कळतं. त्याचा पैसा हातात येण्याआधी कापला जातो, त्याला लपवायला काही नसतं, आणि शाळा-दवाखाना दोन्ही तो खासगीच वापरतो. ते गाऱ्हाणं सरकारकडे न्यायचं असतं. मेसेज ते पोळ्यावाल्या मावशींकडे नेऊन ठेवतो.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं नाही, मावशींचा हिशेब तेवढा मामेभावाला वेगळा पाठवला. त्याचा पगार वर्षाला 11 लाख 40 हजार, पुण्यात. नव्या करप्रणालीत 2025-26 पासून पगारदाराला 12 लाख 75 हजारांपर्यंत प्राप्तिकर लागत नाही, त्यामुळे एप्रिलपासून त्याच्या स्लिपमध्ये टीडीएस, म्हणजे पगारातून कापला जाणारा प्राप्तिकर, शून्य आहे. मेसेजच्या मोजपट्टीने तो यंदा अठ्ठ्याण्णव टक्क्यांत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं उत्तर आलं. मावशींबद्दल काही नव्हतं.

‘दादा, दिवाळीचा बोनस धरूनही मी बारा पंचाहत्तरच्या आतच राहतोय ना?’