रूम नंबर काय?

आज नारळी पौर्णिमा. चौऱ्याहत्तर वर्षांची माझी आई हातात नारळ घेऊन समुद्रावर निघाली आणि वाळूची पुळण पन्नास पावलांवर राहिली असताना, जिथे पूर्वी आमच्या माडांच्या आगराचे बेडे होते तिथे आता उभ्या असलेल्या रिसॉर्टच्या लोखंडी फाटकापाशी, तिला विचारण्यात आले, "रूम नंबर काय?"

आईला प्रश्नच कळला नाही. तिने नारळ दाखवला.

या पाखाडीने, म्हणजे समुद्राकडे जाणाऱ्या चिऱ्यांच्या वाटेने, किनाऱ्यावरून ओढायची रापणीची जाळी गेली, आमच्या वाडीचे गणपती गेले, तिच्या सासऱ्यांची शेवटची वाटही हीच होती. पाखाडीच्या चिऱ्यांवर आता रंगीत फरशी बसली आहे आणि वर फलक आहे, 'खासगी किनारा'. किनारा खासगी कसा असेल? भरतीच्या रेषेखालची जागा शासनाची, हे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० वरून स्पष्ट आहे. फलक लावणाऱ्यांनाही ते पक्के ठाऊक असते. म्हणूनच वाळूवर कुंपण घालण्याच्या भानगडीत न पडता ते फक्त वाट बंद करतात. गोव्यात दोनापावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्याची वाट अडवणारे हॉटेलचे बांधकाम पाडण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली कायम केला होता. आमच्या फाटकापर्यंत तो निकाल पोहोचलेला दिसत नाही.

पर्यटक पुळणीवर बाटल्या फोडून जातात, हे खरे. रिसॉर्टमुळे वाडीतल्या चार मुलांना काम मिळाले, हेही मान्य. फाटकावरचा मुलगा त्या चौघांपैकीच, माझ्यावर आवाज चढवणारा तो, आईने नारळ पुढे केल्यावर मात्र खाली बघत म्हणाला, "काकू, माझो काय इलाज नाय." त्याच्यावर मी उगाच ओरडलो, याचे आता वाईट वाटते.

आणि खरे सांगायचे तर ते आगर आमच्याच चुलत्यांनी विकले. खरेदीखतात चतुःसीमा आल्या, माड मोजून आले, विहिरीचा हिस्सासुद्धा आला. पाखाडीचा शब्द नाही, कारण समुद्रावर जायची वाट कागदावर लिहून घ्यावी लागते हे तेव्हा कोणाच्या मनातही आले नसेल. माझ्याही आले नव्हते. साक्षीदार म्हणून त्या कागदावर माझी सही आहे.

मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे दाद मागायची तर अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावे लागते. फाटक बसले चैत्रात, म्हणजे मुदत अजून आहे, पण फार नाही. ज्यांनी ती पाखाडी वापरली आहे, विशेषतः रापणकरांनी, सोमवारी सकाळी दहा वाजता आमच्या ओट्यावर यावे. येताना जुने फोटो, विसर्जनाचे असतील तर फार बरे, शोधून आणावेत. अर्जावर पहिली सही आईची असेल.

नारळ तिने परत आणून देवापुढे ठेवला आहे. तो फोडू का, असे विचारले तर म्हणाली, "समुद्राचा हा तो, आपलो नाय."