८४० ग्रॅमसाठी दुप्पट पैसे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. वेळ काढून इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: निकॉनची २००-५०० एमएम झूम लेन्स एफ/५.६, आणि ५०० एमएमची पीएफ (फेज फ्रेनेल) प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, हीही एफ/५.६, म्हणजे प्रकाश दोन्ही सारखाच घेतात. मग हातात धरून पक्षी टिपायला प्राइमच घ्या असं सांगून मी लोकांना दुपटीहून जास्त खर्चात पाडतोय, तेही झूम घालवून. शिवाय व्हीआर (लेन्समधली कंपन सावरणारी सोय) असताना हात हलायची भीती कशाला, आणि वजन झेपत नसेल तर मोनोपॉड (एकपायी स्टँड) घ्यावा.

आधी व्हीआरबद्दल, कारण खरा गोंधळ तिथेच होतो. व्हीआर सावरतं ते हाताचं थरथरणं. फांदीवर स्वस्थ बसलेला खंड्या त्याच्या जोरावर १/१२५ सेकंदाच्या शटरलाही मिळून जाईल. उडत्या पक्ष्याला मात्र १/२००० सेकंदाच्या आसपास शटर लागतं. त्या वेगाला हाताची थरथर फोटोत फारशी उतरतच नाही. तिथे फोटो जातो तो पक्षी फ्रेममधून सुटल्यामुळे, आणि दमलेल्या खांद्यावर व्हीआरकडे इलाज नाही.

भिगवणला उजनीच्या पाण्यात होडीत बसलात आणि डोक्यावर ऑस्प्रे घिरट्या घालतोय असं धरा. तो सूर मारणार हे दिसतंय, कधी ते सांगता येत नाही. कॅमेरा डोळ्याला लावून थांबण्यावाचून गत्यंतर नसतं. डी५०० कॅमेऱ्यावर कॉलरसकट (लेन्स स्टँडवर बसवायचं कडं) २००-५०० लावली की हातात ३१६० ग्रॅम, ५०० पीएफ लावली की २३२०, म्हणजे ८४० ग्रॅम कमी. त्यात झूम ५०० वर नेली की नळी पुढे सरकते, वजन मनगटापासून आणखी लांब जातं. पीएफ तर मिटलेल्या २००-५०० पेक्षाही आखूड आहे. खांदा भरून आला, कॅमेरा क्षणभर खाली घेतला, की तेवढ्यात पक्षी पाण्यात शिरून मासा घेऊन वर आलेला असतो. म्हणून मी म्हणतो की हातात धरून काढायचं असेल तर वजन हा लेन्सच्या दर्जाचाच भाग आहे. तो सोयीचा मुद्दा नव्हे.

मोनोपॉड होडीत टेकवलात की होडीचं प्रत्येक डोलणं लेन्सपर्यंत पोचतं, आणि पक्षी डोक्यावर आला की तो अडचणच होतो.

पीएफ निर्दोष आहे असं मात्र मी म्हणणार नाही. फेज फ्रेनेल भिंगामुळे वजन उतरलं, पण सूर्य किंवा झगझगीत दिवा फ्रेममध्ये आला तर त्याच्याभोवती रंगीत वलय उमटू शकतं. उगवत्या सूर्यासमोरचे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) टिपायचे असतील तर हे ध्यानात ठेवा.

झूमबद्दलचं तुमचं म्हणणं ताडोबात मला पूर्ण मान्य आहे. वाघ जिप्सीच्या शेजारून चालू लागला तर ५०० मध्ये त्याचं तोंडसुद्धा धड मावत नाही. तिथे जिप्सीच्या दांड्यावर बीनबॅग टाकता येते, वजनाचा प्रश्नच मिटतो. जंगल सफारीच जास्त होत असतील तर बिनधास्त २००-५०० घ्या. तीच हातात धरायची वेळ आली तर कॉलर काढून ठेवा, २३०० ची २०९० ग्रॅम होते. डावा तळवा हूडच्या (लेन्सच्या पुढच्या टोकावरची सावलीची नळी) जितका जवळ नेता येईल तितका न्या, कोपर बरगडीला टेकवा.

आणि खर्चाचाच प्रश्न असेल तर ३०० पीएफ एफ/४ जरूर बघा. ती ७५५ ग्रॅमची, वर फोकल लांबी १.४ पट करणारा कन्व्हर्टर १९० ग्रॅमचा. एवढ्यात ४२० एमएम एफ/५.६ हातात येते, आणि नुसत्या लेन्सची किंमत तुमच्या-माझ्या दोन्ही लेन्सच्या मधली. ५०० इतकी चौकट मिळवायला क्रॉप केलंत तरी डी५०० च्या २०.९ पैकी १४.७ मेगापिक्सेल शिल्लक राहतात. छापायला ते भरपूर झाले. तुम्ही पायी फिरून पक्षी बघता असं लिहिलंय, तेव्हा तुमच्यासाठी माझं मत या जोडीलाच आहे. दुकानात गेलात तर तिन्ही लेन्स तुमच्याच बॉडीवर लावून दोन-दोन मिनिटं डोळ्याला धरून बघा, आणि काय वाटलं ते इथे नक्की लिहा.