क्रेटर लेकवरची आकाशगंगा खरी आहे

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अमेरिकेतल्या ओरेगॉनमधल्या क्रेटर लेकचा रात्रीचा फोटो फिरतोय. खाली लिहिलंय: 'असं आकाश डोळ्यांना दिसत नाही, पाण्यात तारे उमटत नाहीत, सगळं कॉम्प्युटरवर बनवलंय. आपल्याकडून तर आकाशगंगा दिसतच नाही.' असं वाचून मुलं आकाशाकडे बघायचीच सोडतील, म्हणून उत्तर देतोय.

डोळ्यांना दिसत नाही, इतकं बरोबर. अंधारात आपल्याला रंग जवळजवळ कळत नाहीत, त्यामुळे आकाशगंगा धुरकट पट्ट्यासारखी वाटते. कॅमेरा मात्र वीसेक सेकंद शटर उघडं ठेवून तोच प्रकाश साठवत राहतो. २० मिमीच्या लेन्सवर साधारण २५ सेकंदांच्या पुढे गेलं की पृथ्वी फिरत असल्याने ताऱ्यांच्या रेघा होतात, म्हणून तिथेच थांबतात.

पाण्याचं म्हणाल, तर सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी माउंट मझामा ज्वालामुखी उद्रेकानंतर आत कोसळला आणि त्या खड्ड्यात पाऊस-बर्फाचं पाणी साठून हे ५९४ मीटर खोल तळं झालं. वारा पडला की ठळक तारे त्यात उमटतात. जराशी झुळूक आली की ते पुसट होतात.

शंका घ्यायचीच असेल तर दिशेवर घ्या. पर्यटक जिथून तळं बघतात ते काठावरचं रिम व्हिलेज तळ्याच्या दक्षिणेच्या अंगाला आहे. तिथून तळं समोर धरलं की तोंड उत्तरेकडे होतं. आकाशगंगेचं केंद्र धनु राशीकडे, म्हणजे पाठीमागे, आणि तिथून क्षितिजाच्या फार तर १८ अंश वर. तळ्यावर ते झळाळताना दाखवलं असतं, तर आकाश जोडलेलं आहे असं मीच म्हटलं असतं. या फोटोत हंस आणि शर्मिष्ठा या तारकासमूहांकडचा फिकट पट्टा आहे, तो ईशान्येला असायलाच हवा. (काही जण जमीन संध्याकाळी आणि आकाश रात्री टिपून दोन्ही जोडतात. चालतं, पण तसं सांगायला हवं.)

शेवटचा दावा तर साफ उलटा. ठाण्याच्या अक्षांशावरून तेच केंद्र ४२ अंशांपर्यंत चढतं, ओरेगॉनच्या दुपटीहून जास्त! आपल्याला आडवे येतात ते शहरातले दिवे आणि जूननंतरचे ढग. मार्च-एप्रिलच्या अमावस्येला मुरबाडच्या पुढे माळशेजच्या बाजूला जा. पहाटे चारला दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा आणि डोळे अंधाराला सरावावेत म्हणून त्याआधी वीस मिनिटं मोबाइल खिशात ठेवा.