तळघर आहे का?

हातात पैसे घेऊन उभं असताना दुकानदाराने माल नाकारावा, हे पुण्यात शिकायला होतो तेव्हाही माझ्यावर आलं नव्हतं. ते परवा फ्रान्समध्ये, वाइनच्या बोर्डोत आलं.

लेक तिथे नोकरीला असते. म्हटलं, पंचाहत्तरीला उघडायला एक बरीशी रेड वाइन नागपूरला न्यावी. दुकानदार टकलू, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला. आधी त्याने 1996 ची पोयाक, म्हणजे बोर्डोजवळच्या पोयाक गावची रेड वाइन, चाखायला दिली. 25 मिलिलिटर, तीही विकत. रंग कडेला विटकरी झालेला. वीस-पंचवीस वर्षांत तुरटपणा निवतो आणि त्याचा गाळ होऊन तळाशी बसतो, म्हणाला. मग वास घ्यायला लावला : सिगारची पेटी, पेन्सिलचा भुसा, रानातला ओला पाला. द्राक्षं सोडून सगळं होतं. पण खोटं कशाला बोलू, घोट उतरल्यावर मी जरा वेळ गप्प झालो. त्याच भरात 2016 च्या बाटलीकडे बोट दाखवलं.

त्याने ती काढली, पण हातातून सोडेना. वधुपित्याने स्थळाची चौकशी करावी तसा सुरू झाला. मध्ये दुभाषी लेक.

"तळघर आहे?"

"फ्लॅट आहे. तिसऱ्या मजल्यावर."

"मग खाली काय आहे?"

"पार्किंग. आणि वॉचमनची खोली."

"तापमान 12-13 अंश लागतं."

"सांग त्याला, डिसेंबरात पहाटे अगदी तेवढंच असतं."

"आणि उन्हाळ्यात?"

"45," लेक परस्पर म्हणाली. खरं बोलायचं मीच शिकवलंय तिला.

त्याने डोळे मिटले. एवढ्या उष्णतेत वाइन फुगते, बूच वर ढकलते, शिजून जाते, असं काहीसं तो बराच वेळ हळू आवाजात सांगत राहिला. मी धीर सोडला नाही. हवेत ओलावा हवा ना, सत्तरेक टक्के? आमच्याकडे वाळ्याचा कूलर आहे! लेकीने वाळा समजावला. मोबाइलवर कूलरचा फोटोही दाखवला, ही काय गरज होती? बुचातून तो वास आत जाईल, तो म्हणाला. हादरे बसतात का? पहाटे पंप लागतो तेवढाच. बाटली आडवी ठेवाल ना, बूच ओलं राहायला हवं? फ्रिजमध्ये आडवं काही ठेवायचं तर हिची परवानगी लागते, हे मी त्याला कळू दिलं नाही.

शेवटी त्याने 2016 जागेवर ठेवली आणि नऊ युरोची एक बाटली पुढे केली. "ही घ्या. आज रात्रीच प्या."

या लोकांचा तोरा कशावर? 1855 मध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्डोच्या दलालांनी वाइनची प्रतवारी लावली, ती मुख्यतः बाजारभाव बघून. जी महाग ती थोर. तीच यादी आजही चालते. पहिल्या वर्गात बढती मिळाली ती फक्त मूतों-रोतशील्ड या एका वाइनला, 1973 साली. आमच्या पाटबंधारे खात्यातसुद्धा बढत्या इतक्या रखडत नव्हत्या. आणि याच बोर्डोत वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये लाल रंग घालून दिला, तर त्यांनी तिचं वर्णन रेडच्याच शब्दांत केलं. 2001 साली छापून आलंय ते. लेकीला म्हटलं, हे सांग त्याला. तिने ऐकू न आल्यासारखं केलं.

तेवढ्यात अर्ध्या चड्डीतला एक गोरा पोरगा आला. त्याच 2016 च्या सहा बाटल्या मागितल्या. दुकानदाराने हसत लाकडी खोक्यात भरून दिल्या. तळघर आहे का, खाली कोण राहतं, उन्हाळ्यात काय करता, एक अक्षर विचारलं नाही. हे विनोदाने घे, असं लेक म्हणते. घेतो आहे. पण त्या पोराच्या पायात रबरी स्लिपर होत्या, आणि मी मात्र जावयाचा कोट घालून गेलो होतो.