गोळीमागे आठ रुपये

आयुष्यातील 34 वर्षे मी इतरांचे जमाखर्च लिहिण्यात घालवली. त्यामुळे निवृत्तीनंतर रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल या तिघांनी माझ्याकडे कायमचे बिऱ्हाड थाटले, तेव्हा मला त्यांच्यापेक्षा त्यांच्या खर्चाचीच काळजी अधिक वाटली. मी दोनशे पानी वही आणली, पहिल्या पानावर ‘श्री’ लिहिले आणि औषधांचे खाते उघडले.

पहिली चूक पहिल्याच पानावर झाली. रक्तदाबाच्या गोळीची डॉक्टरांना चालणारी दोन पाकिटे मेडिकलवाल्याने समोर ठेवली. एक 98 रुपयांचे होते, दुसरे 120 रुपयांचे. मी अर्थातच 98 चे उचलले आणि पाकिटामागे 22 रुपये वाचवल्याच्या समाधानात चार महिने काढले. पाचव्या महिन्यात सौभाग्यवतींनी सहज विचारले, “अहो, तुमची ही गोळी इतक्या लवकर कशी हो संपते?” तेव्हा कुठे मी चष्मा लावून गोळ्या मोजल्या. स्वस्त पाकिटात 10 होत्या, महागात 15. म्हणजे ‘स्वस्त’ गोळी 9 रुपये 80 पैशांना पडत होती आणि ‘महाग’ गोळी 8 रुपयांना. पोह्यांचा भाव जिने कधी पिशवीवर पाहिला नाही, नेहमी किलोवरच पाहिला, तिला हे मी समजावून सांगण्याची गरज पडली नाही. तिनेच मला समजावले. त्या दिवसापासून माझ्या वहीत ‘गोळीमागे’ असा एक स्वतंत्र रकाना आहे.

त्यानंतर मी एप्रिल महिन्याच्या धास्तीत जगू लागलो. सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतील औषधांना कमाल किंमत ठरवून दिलेली असते आणि घाऊक महागाईच्या निर्देशांकानुसार ती दर एप्रिलला बदलते, हे मला ठाऊक झाले होते. 2022 साली ही वाढ 10.76607 टक्के होती, 2023 साली 12.1218 टक्के. दशांशचिन्हानंतर पाच घरे लिहिणाऱ्या माणसांविषयी मला धंद्यामुळे आदरच वाटतो, पण 2024 साली मी पेन्सिल परजून बसलो असताना जाहीर झालेली वाढ निघाली 0.00551 टक्के. मी आठ रुपयांच्या गोळीवर गणित मांडले. एक पूर्ण पैसा जादा मोजावा लागण्यासाठी मला सुमारे 23 गोळ्या गिळाव्या लागणार होत्या. हा हिशेब मी घरात मोठ्याने वाचून दाखवला, परंतु कोणी दाद दिली नाही.

वहीचा खरा उपयोग झाला तो गुडघ्यामुळे. हाडांच्या डॉक्टरांनी वेदनाशामक गोळी दिली आणि तिने पित्त होऊ नये म्हणून सोबत पित्ताची एक गोळी लिहिली. माझ्या नेहमीच्या डॉक्टरांची पित्ताची गोळी आधीपासून चालूच होती. दोघींची नावे वेगळी, पाकिटांचे रंग वेगळे, किमतीही वेगळ्या. वहीत नोंद करताना भिंगाखाली पाकिटावरची बारीक अक्षरे वाचली, तर दोन्हीकडे एकच नाव निघाले: पॅन्टोप्राझोल, 40 मिलिग्रॅम. एकच इसम दोन शिधापत्रिकांवर माझ्या घरातून धान्य उचलत होता! डॉक्टरांना फोन केला, त्यांनी दोहोंपैकी एक तत्काळ बंद केली, आणि मला कळले की इतके दिवस मी औषधांची टोपणनावेच पाठ करत बसलो होतो.

मग मी खरी नावे शिकलो. रक्तदाबाची टेल्मिसार्टन, साखरेची मेटफॉर्मिन, कोलेस्टेरॉलची ॲटोरव्हास्टॅटिन. पाढे म्हणावेत तशी ती म्हणत मी मेडिकलवाल्याकडे गेलो आणि “हेच औषध, पण स्वस्तातले द्या” म्हणालो. तो सज्जन माणूस आहे. “काका, चिठ्ठीवर जे नाव आहे तेच मला द्यावे लागते, नियमच आहे. डॉक्टरांकडून लिहून आणा,” असे त्याने सांगितले. डॉक्टरांनी एकदा चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि कंपनीचे नाव गाळून, ठळक अक्षरांत टेल्मिसार्टन लिहून दिले. ती चिठ्ठी घेऊन जनऔषधी केंद्रात गेलो, तर तीच गोळी दोन रुपयांच्याही आत! मी काउंटरवरच बेरीज करू लागलो, तेव्हा मागच्या आजींनी “भाऊ, घरी जाऊन करा की,” असे सुचवले.

घरी मात्र निराळाच पेच उभा राहिला. “आठ रुपयांचे काम दोन रुपयांत कसे होईल? रक्तदाबाला कळणार नाही का?” हा सौभाग्यवतींचा प्रश्न. औषध तेच आहे, नाममुद्रेचे आणि तिच्या प्रचाराचे पैसे तेवढे वगळले आहेत, हे मी सोदाहरण सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि नव्या गोळ्यांची पाकिटे जुन्या महागड्या कंपनीच्या रिकाम्या खोक्यात नीट बसवून ठेवली. तीन महिने त्या खोक्यातून गोळ्या घेतल्या, आणि रक्तदाब 130 वर 80 राहिला.

तपासणीच्या दिवशी औषधे सोबत आणायची असल्यामुळे त्यांनी ते खोकेच पिशवीत टाकले. डॉक्टरांनी यंत्राचा पट्टा सोडला, आकडा लिहिला, टेबलावरचे खोके उचलून त्यावरचे नाव वाचले आणि प्रसन्न होऊन म्हणाले, “उत्तम! ही कंपनी तुम्हाला चांगलीच मानवली आहे, मुळीच बदलू नका.”

सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. मी वही मिटली.